बिनमालकाची चावडी: युजनेट ओस कसं पडलं

२० मे २०१० रोजी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं आपला न्यूज सर्व्हर, म्हणजे युजनेटच्या पोस्टी साठवणारा आणि पुढे पाठवणारा संगणक, बंद केला. कारणं दोनच दिली: वापरणारे फार थोडे उरले होते आणि चालवण्याचा खर्च वाढत चालला होता. विद्यापीठं जुनी यंत्रं अधूनमधून बंद करतच असतात, त्यात विशेष काही नाही. पण युजनेट म्हणजे विषयवार गटांत (न्यूजग्रुपांत) लिहून चर्चा करायचं संगणकांचं जाळं, आणि त्याचा पाळणा हलला तो याच घरात, १९७९ साली. त्याच घरानं तीस वर्षांनी दार लावून घेतलं. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टनंही आपले सार्वजनिक न्यूजग्रुप टप्प्याटप्प्यानं बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि लोकांना आपल्या वेब फोरमकडे वळायला सांगितलं.

तोवर लोकांनी एकमेकांशी बोलणं थांबवलेलं नव्हतं. इंटरनेटवर त्याआधी कधीच झाल्या नव्हत्या इतक्या चर्चा तेव्हा चालू होत्या. माणसं तीच, विषय तेच, भांडणंही तीच. जागा मात्र बदलली होती. का बदलली? 'वेब सोपं पडलं' हे उत्तर बहुतेक जण देतात. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. या प्रकरणाच्या तपशिलात जितकं खोल जावं तितकं मला एकच कारण पुन्हापुन्हा दिसतं: युजनेटला यजमान नव्हता. ज्या गुणामुळे ते उभं राहिलं, वाढलं आणि वीस वर्षं टिकलं, त्याच गुणामुळे त्याला घाण बाहेर काढता आली नाही.

यंत्रणा

सत्तरच्या दशकाच्या शेवटी इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेट होतं, पण त्यात शिरकाव होता तो संरक्षण खात्याच्या संशोधनाशी संबंधित संस्थांना. ड्यूकमधले टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस हे दोन विद्यार्थी त्या वर्तुळाबाहेर होते. त्यांच्याकडे युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम होती, मोडेम होता आणि 'यूयूसीपी' नावाची सोय होती, जिच्यामुळे एक संगणक दुसऱ्याला फोन लावून फायली देऊ शके. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या (यूएनसी) स्टीव्ह बेलोव्हिननं पहिली आवृत्ती काही शेल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे युनिक्सच्या छोट्या आज्ञावलींत, लिहिली. स्टीफन डॅनियलनं ती सी या प्रोग्रामिंग भाषेत नव्यानं बांधली. सुरुवातीचे संगणक तीन: ड्यूक, यूएनसी आणि पीएचएस. हा तिसरा ड्यूकच्याच शरीरक्रियाशास्त्र विभागाचा. दिवसाला एखाददुसरी पोस्ट येईल असा या मंडळींचा अंदाज होता.

पुढे जे काही झालं ते समजायचं तर एक पोस्ट प्रवास कशी करायची हे जवळून बघावं लागेल.

समजा, तुम्ही तुमच्या संगणकावर बसून 'कॉम्प.लँग.सी' या गटात सी भाषेबद्दल प्रश्न टाकला. तो आधी फक्त तुमच्याच सर्व्हरवर पडला. त्याला एक ओळखक्रमांक मिळाला, जगात दुसऱ्या कुठल्याच पोस्टला नसेल असा. मग तुमचा सर्व्हर शेजाऱ्याला विचारतो, 'माझ्याकडे अमुक क्रमांकाची पोस्ट आहे, हवी का?' सर्व्हरांनी एकमेकांना पोस्टी कशा द्याव्या-घ्याव्या हे ठरवणाऱ्या एनएनटीपी या नियमावलीत या आज्ञेचं नावच 'आय-हॅव' आहे. शेजाऱ्याकडे ती नसेल तर तो ३३५ असं उत्तर देतो, म्हणजे 'पाठव'. आधीच कुठूनतरी पोचली असेल तर ४३५, म्हणजे 'नको'. शेजारी ती घेतो, पोस्टच्या माथ्यावरच्या 'पाथ' नावाच्या ओळीत स्वतःचं नाव जोडतो आणि आपल्या पुढच्या शेजाऱ्याला तोच प्रश्न विचारतो. ही नावं उद्गारचिन्हांनी जोडलेली असत. त्या ओळीवरून पोस्ट कोणाकोणाच्या हातून आली ते वाचता येई, आणि जिथून आली तिथे ती परत जात नसे.

बस, एवढंच. मध्यवर्ती संगणक नाही, सदस्यांची यादी नाही, कार्यालय नाही. एखादा सर्व्हर बंद पडला तर पोस्ट दुसऱ्या वाटेनं फिरून येई. मला आजही ही रचना विलक्षण सुंदर वाटते. इतकं कमी गृहीत धरून इतकं मोठं काही उभं राहिल्याची उदाहरणं फार नाहीत. ६ ऑगस्ट १९९१ रोजी टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेबची माहिती याच जाळ्यावर 'ऑल्ट.हायपरटेक्स्ट' गटात दिली. त्याच महिन्यात लिनस टॉरवाल्ड्स यांनी आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम (पुढे तिचंच लिनक्स झालं) लिहीत असल्याचं 'कॉम्प.ओएस.मिनिक्स' गटात कळवलं. ज्या वेबनं पुढे युजनेटची जागा घेतली, त्याची वर्दी युजनेटवरूनच निघाली होती.

खर्च होता तोवर सत्ता होती

सुरुवातीला यजमान नव्हताच असं म्हणणं पूर्ण खरं होणार नाही. एक प्रकारचा होता, आणि तो फोनच्या बिलातून निर्माण झाला होता. पोस्ट देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायची तर कोणीतरी लांब पल्ल्याचा फोन लावायला हवा, आणि त्याचे पैसे भरायला हवेत. ही जबाबदारी काही मोठ्या संस्थांच्या संगणकांनी उचलली होती; त्यांना 'कणा' म्हणत. या कण्यावरचे अ‍ॅडमिन एकमेकांना ओळखत. कुठला गट वाहून न्यायचा आणि कुठला नाही, हे तेच ठरवत. बिल त्यांच्या संस्थेचं, तेव्हा शब्दही त्यांचाच चाले.

१९८६-८७ मध्ये याच मंडळींनी सगळ्या गटांची नावं बदलली. तोवर बहुतेक गट 'नेट' या एकाच शिरोनामाखाली होते. आता संगणकासाठी 'कॉम्प', विज्ञानासाठी 'साय', छंदांसाठी 'रेक', समाजासाठी 'सॉक', अंतहीन वादांसाठी 'टॉक', आणि 'न्यूज' व 'मिस्क' अशा सात शाखा झाल्या. यामागेही पैशाचा हिशोब होता: समुद्रापलीकडच्या संस्थांना धर्म-राजकारणाच्या हाणामाऱ्या फोनचे पैसे मोजून मागवायच्या नव्हत्या. वाद एका शाखेत बांधून ठेवले की ती शाखा घ्यायचीच नाही, काम झालं. नवा गट काढायचा तर मतदान होई. 'हो' ची मतं 'नाही' पेक्षा किमान १०० नं जास्त आणि एकूण मतांच्या दोन तृतीयांश हवीत.

ज्यांना हे पटलं नाही त्यांनी १९८७ मध्ये 'ऑल्ट' ही शाखा काढली. ब्रायन रीड आणि जॉन गिलमोर ही त्यातली नावं. तिथे मतदान नाही, परवानगी नाही, कोणीही गट काढावा.

ही फूट पुढे इतकी पसरू शकली याचं कारण तांत्रिक आहे आणि ते सहसा सांगितलं जात नाही. फेब्रुवारी १९८६ मध्ये ब्रायन कँटर आणि फिल लॅप्सली यांची एनएनटीपी नियमावली प्रसिद्ध झाली आणि पोस्टी फोनऐवजी इंटरनेटवरून वाहायला लागल्या. लांब पल्ल्याच्या फोनची गरज संपली तशी ज्यांच्या बिलावर सगळं चाले त्यांची गरजही संपली. कण्याला वळसा घालून कोणीही कोणाशीही जोडून घेऊ लागला. सगळ्यांना ही मोठी सुधारणा वाटली आणि ती होतीच. पण त्या दिवसापासून 'हे इथे नको' असं म्हणू शकणारा, आणि ज्याचं म्हणणं खरोखर चालेल असा, एकही माणूस जाळ्यात उरला नाही. सभ्यता टिकली ती सवयीवर.

सवय कशी लागायची तेही सांगायला हवं. दर सप्टेंबरला विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, त्यांना खाती मिळत, ते वाट्टेल तिथे वाट्टेल ते लिहीत, जुने लोक ओरडत, आणि डिसेंबरपर्यंत बहुतेक जण वळणावर येत. १९९४ च्या सुरुवातीला अमेरिका ऑनलाइन या कंपनीनं आपल्या घरगुती ग्राहकांना युजनेट खुलं केलं. आता नवे लोक वर्षातून एकदा येईनात, रोज येऊ लागले. त्याला 'कधीच न संपलेला सप्टेंबर' ('इटर्नल सप्टेंबर') असं नाव पडलं. या नावात नवख्यांबद्दल जी तुच्छता आहे ती मला कधीच आवडली नाही. माणसं आली यात त्यांचा काय दोष? त्यांना आत घेऊन बसवणारं, चार गोष्टी सांगणारं कोणी दारात नव्हतं, हा दोष रचनेचा होता.

१२ एप्रिल १९९४

त्या दिवशी अ‍ॅरिझोनातल्या लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल या वकील दांपत्यानं अमेरिकेच्या ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात युजनेटवर टाकली. पाच हजारांहून जास्त गटांत.

यातला एक तपशील सगळ्यात महत्त्वाचा आहे. युजनेटवर एकच पोस्ट अनेक गटांत टाकायची रीतसर सोय होती: गटांची नावं स्वल्पविराम देऊन एका ओळीत लिहायची. अशी पोस्ट सर्व्हरवर एकदाच साठवली जाई, आणि तुम्ही ती एका गटात वाचली की बाकीच्या गटांत तुमचा न्यूजरीडर, म्हणजे पोस्टी वाचायचा प्रोग्राम, ती पुन्हा दाखवत नसे. या दांपत्यानं ती सोय वापरली नाही. एका स्क्रिप्टनं प्रत्येक गटात वेगळी प्रत टाकली, प्रत्येकीला वेगळा ओळखक्रमांक. न्यूजरीडरच्या दृष्टीनं त्या पाच हजार वेगवेगळ्या पोस्टी होत्या. तुम्ही वाचत असलेल्या चाळीस गटांत ती चाळीस वेळा समोर आली. खगोलशास्त्राच्या गटात, बागकामाच्या, बुद्धिबळाच्या. 'आय-हॅव' विचारणारा प्रत्येक सर्व्हर प्रामाणिकपणे 'पाठव' म्हणत गेला, कारण त्या क्रमांकाची पोस्ट त्याच्याकडे खरोखरच नव्हती.

लोकांनी निषेधाच्या इतक्या ईमेल पाठवल्या की त्या दांपत्याला इंटरनेट जोडणी देणाऱ्या कंपनीचा मेल सर्व्हर वारंवार कोलमडला, आणि कंपनीनं त्यांचं खातं बंद केलं. त्या दोघांना पश्चात्ताप झाला नाही; इंटरनेटवर जाहिरात कशी करावी यावर त्यांनी पुढे पुस्तकही काढलं. नेटवरची पहिली स्पॅम, म्हणजे कोणी न मागता सगळीकडे केलेला पोस्टींचा मारा, हीच असं म्हणतात ते बरोबर नाही. त्याच वर्षी जानेवारीत येशूच्या पुनरागमनाची सूचना अशीच गटागटांत पडली होती. पण हा धंदा आहे, आणि तो कोणी थांबवू शकत नाही, हे एप्रिलमध्ये सगळ्यांना एकदम दिसलं.

उपाय

युजनेटकरांनी हात बांधून बसणं पसंत केलं नाही. त्यांनी जे केलं त्याबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण ते सगळं स्वयंसेवकांनी, पदरचा वेळ खर्चून केलं.

आपली पोस्ट मागे घ्यायची असेल तर 'कॅन्सल' संदेश पाठवायची सोय जाळ्यात होती. ती होती लेखकासाठी, पण लेखक कोण हे तपासायची व्यवस्था नव्हती. नॉर्वेतल्या एका प्रोग्रामरनं या फटीचा उपयोग करून ग्रीन कार्डवाल्यांच्या पोस्टी आपोआप रद्द करणारा प्रोग्राम लिहिला. असे 'कॅन्सलबॉट' मग बरेच आले. पण ज्या फटीतून स्वयंसेवक शिरला त्याच फटीतून कोणीही शिरू शके. न पटणाऱ्या माणसाची पोस्ट रद्द करायलाही तोच संदेश चाले. त्यामुळे काही सर्व्हरांनी कॅन्सल पाळणंच सोडलं.

मग प्रश्न आला: कुठली पोस्ट रद्द करणं रास्त? इथे सेथ ब्राइडबार्ट यांच्या नावाचा निर्देशांक आला. पोस्टची प्रत्येक प्रत किती गटांत एकदम टाकली ते बघायचं, त्या संख्येचं वर्गमूळ काढायचं, सगळ्या प्रतींची वर्गमुळं मिळवायची. ४५ दिवसांत बेरीज २० वर गेली की ती स्पॅम. एकच पोस्ट रीतसर १६ गटांत टाकली तर निर्देशांक ४, काही हरकत नाही. तीच १६ गटांत सुटी सुटी टाकली तर १६, म्हणजे काठावर. नऊ प्रती, प्रत्येक नऊ गटांत, तर २७, उडाली.

या सूत्रात एक गोष्ट मुद्दाम नाही: मजकूर. पोस्टमध्ये काय लिहिलंय हे बघायचंच नाही, फक्त प्रती मोजायच्या. कारण मजकुरावरून निवाडा करायचा तर निवाडा करणारा लागतो, आणि तो कोणी नेमायचा? वर्गमुळाला मात्र कोणी पक्षपाती म्हणू शकत नव्हतं. निवाडा टाळण्यासाठी गणिताचा आधार घेणारा समाज कुठल्या अडचणीत असेल, ते या एका सूत्रावरून कळतं.

याहून कडक उपाय म्हणजे 'युजनेट मृत्युदंड'. एखादी कंपनी आपल्या ग्राहकांची स्पॅम आवरत नसेल तर तिच्याकडून येणारी प्रत्येक पोस्ट सगळ्यांनी मिळून टाकून द्यायची. ऑगस्ट १९९७ मध्ये यूयूनेट या बड्या कंपनीवर तो लागू झाला आणि काही दिवसांत तिनं व्यवस्था सुधारली. बहिष्काराचं हत्यार चाललं. पण एका शहाण्या पोस्टवर आणि हजार निकम्म्या पोस्टींवर ते सारखंच चाले, आणि स्पॅमवाला तोवर दुसऱ्या कंपनीकडे गेलेला असे.

निवाडा करणारा माणूस असलेले गटही होते. त्यांत पोस्ट आधी मॉडरेटरला ईमेलनं जाई, त्यानं मंजुरीची ओळ जोडली की गटात दिसे. ती ओळ हातानं लिहिणं कोणालाही शक्य होतं. कुलूप होतं, किल्ली दाराला टांगलेली.

जुन्याचं युजनेट, नव्याचं युजनेट

या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो.

युजनेट वाचायचं ते न्यूजरीडर नावाच्या प्रोग्राममधून, आणि तो वाचकाचा स्वतःचा असे. लॅरी वॉल यांनी, पुढे पर्ल भाषा लिहिली त्याच माणसानं, १९८४ मध्ये 'आरएन' नावाचा न्यूजरीडर लिहिला. त्यात एकच कळ पुरे: स्पेसबार. दाबत राहायचं, पान संपलं की पुढचं पान, पोस्ट संपली की पुढची न वाचलेली पोस्ट, गट संपला की पुढचा गट. तुमच्या घरच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल असे. तिच्यात गटाचं नाव आणि पुढे कुठल्या क्रमांकापासून कुठल्या क्रमांकापर्यंत वाचून झालंय ते आकडे. महिनाभरानं आलात तरी नेमकं जिथे थांबला होतात तिथूनच सुरुवात. चाळीस विषय, शेकडो माणसं, एकच खिडकी, एकच कळ. नंतरच्या फोरमांवर मला ही सोय कधीच मिळाली नाही.

आणि होती ती किलफाइल. दोन तिरप्या रेघांच्या मध्ये नको असलेल्या माणसाचं नाव किंवा विषयातला शब्द, पुढे खुणेची एकदोन अक्षरं. एवढी ओळ लिहिली की तो माणूस तुमच्यापुरता गप्प. बाकी सगळ्यांसाठी तो बोलतच असे. वाचकाच्या हातात इतका अधिकार देणारी व्यवस्था मी पाहिलेली नाही.

आता त्याची दुसरी बाजू. पाच वर्षं गटात असलेल्या माणसाची किलफाइल पाच वर्षांत तयार झालेली असे. रोजचे भांडखोर, जाहिरातवाले, चावून चोथा झालेले विषय सगळं गाळून त्याच्यासमोर गट उघडे तो स्वच्छ. चार जाणकार बोलताहेत, उत्तरं येताहेत. त्याला विचारलं तर तो म्हणे, 'आमच्या गटाला काय धाड भरलीय? उत्तम चाललाय.' आणि त्याच दिवशी पहिल्यांदा आलेल्या माणसाची किलफाइल कोरी. त्याला दिसे ते सगळंच्या सगळं: शंभर पोस्टींत पन्नास जाहिराती, तीस शिव्या, आणि मध्ये कुठेतरी ते चार जाणकार. तो दोन दिवस बघे आणि निघून जाई.

एकाच गटाच्या या दोन खोल्या होत्या, आणि एका खोलीतल्याला दुसरी दिसत नव्हती. म्हणून जुन्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की दारातूनच लोक परत फिरताहेत. प्रत्येक जण आपल्यापुरता केर काढत होता. अंगण मात्र कोणीच झाडत नव्हतं. गट संपले ते हाणामारीत संपले असं नाही. नवा माणूस आत येईना आणि जुना एकेक करून गळत गेला.

भर म्हणून, पोस्टच्या माथ्यावर लेखकाचा ईमेल पत्ता उघडा असे. स्पॅमवाल्यांचे प्रोग्राम ते पत्ते गोळा करू लागले. मग लोक पत्त्यात 'नोस्पॅम' सारखे शब्द घुसडून तो मुद्दाम बिघडवू लागले. त्यामुळे गटात वाद तापला की बाजूला ईमेलनं बोलून मिटवायची जी जुनी चांगली चाल होती, तीही अवघड झाली.

फोरमनं आणलं ते दार

१९९५ च्या आसपास वेबवर चर्चेची साधी पानं आली. मॅट राइट यांची डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूबोर्ड ही स्क्रिप्ट तेव्हाची. १९९७ मध्ये अल्टिमेट बुलेटिन बोर्ड आलं, २००० मध्ये पीएचपीबीबी आणि व्हीबुलेटिन. तांत्रिकदृष्ट्या ही पिछेहाट होती, आणि जुन्या लोकांनी ते ठणकावून सांगितलं. त्यांचं म्हणणं खरं होतं. प्रतिसादांचं झाड जाऊन एकाखाली एक अशी रांग आली. दहा विषयांसाठी दहा ठिकाणी नोंदणी, दहा पासवर्ड. किलफाइल नाही. हळू चालणारी पानं.

पण आता धाग्याला, म्हणजे एका विषयावरच्या चर्चेला, वेबपत्ता होता. कोणीही तो कोणालाही पाठवावा, समोरच्यानं टिचकी मारावी, समोर चर्चा. शोधयंत्रातून माणूस थेट धाग्यावर येऊन पडे. न्यूजरीडर बसवणं, सर्व्हरचं नाव शोधणं, काही नको. पोस्ट सुधारता येई, चित्र टाकता येई. युजनेटचा पाया साध्या रोमन अक्षरांवर घातलेला असल्यानं बाकीच्या लिप्यांचे तिथे हालच होत. वेबवर ती अडचण हळूहळू सुटली.

या सगळ्याच्या वर, फोरमला मालक होता. होस्टिंगचं बिल भरणारा एक माणूस, त्याचे दोनतीन मदतनीस. जाहिरात पडली की धागा उडायचा, आणि एकाच्या नजरेतून नव्हे, सगळ्यांच्याच. उपद्रवी आयडी ब्लॉक व्हायचा. नव्यासाठी वरती एक धागा चिकटवलेला असायचा: आधी हे वाचा. युजनेटवर हेच काम करणारे प्रश्नोत्तरांचे लेख दर महिन्याला पुन्हा पुन्हा टाकावे लागत, कारण सर्व्हर जागा मोकळी करण्यासाठी जुन्या पोस्टी ठरावीक दिवसांनी पुसून टाकत. फोरमवर पहिल्यांदा आलेल्याला आणि दहा वर्षांच्या जुन्याला तेच पान दिसायचं. झाडलेलं अंगण दोघांनाही मिळायचं.

मालक लहरी निघे, आवडत्यांना झुकतं माप देई, राग आला की धागाच गायब करी. हे सगळं झालं आणि होतं. तरी लोकांनी लहरी यजमान पत्करला. यात मला लोकांची चूक दिसत नाही.

बिल पुन्हा आलं

इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्या न्यूज सर्व्हर फुकट चालवत, कारण ग्राहक ते मागत. मग 'ऑल्ट.बायनरीज' मधून चित्रं, गाणी, चित्रपट वाहू लागले. युजनेट मजकुरासाठी बनलेलं. म्हणून फाइलचे दर तीन बाइट चार अक्षरांत रूपांतरित करून पाठवत. २००१ मध्ये वायएन्क ही काटकसरीची पद्धत आली आणि ओघ आणखी वाढला. ज्या जाळ्यात प्रत्येक पोस्ट प्रत्येक सर्व्हरवर जाते, तिथे एका चित्रपटाची प्रत जगभरच्या सर्व्हरांवर साठवावी लागे, कोणी बघो न बघो. मजकूर त्या ढिगात नगण्य झाला, आणि खर्च सगळ्या ढिगाचा.

अमेरिका ऑनलाइननं २००५ च्या सुरुवातीला ही सेवा काढून टाकली. जून २००८ मध्ये न्यूयॉर्कचे अ‍ॅटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो यांनी ८८ गटांत बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रं सापडल्याचं सांगितलं आणि मोठ्या कंपन्यांशी करार केले. हजारो गटांतले ८८. त्यावर स्प्रिंटनं सगळी 'ऑल्ट' शाखा बंद केली, व्हेरायझननं मुख्य आठ शाखाच (जुन्या सातांच्या पुढे आठ झाल्या होत्या) ठेवल्या, टाइम वॉर्नर केबलनं न्यूजग्रुप सरसकट काढले. तो मजकूर हटायलाच हवा होता, याबद्दल दुमत असूच शकत नाही. पण नेमका तेवढाच हटवायला 'हे माझं घर, मी बघतो' असं म्हणणारा त्या ८८ गटांत कोणी नव्हता. तेव्हा ज्यांच्या हाती फक्त कळ होती त्यांनी ती दाबली. खर्चाचं ओझं उतरवायला त्यांना निमित्तही मिळालं.

स्मरण

एका बाबतीत मात्र बिनमालकी कामी आली.

टोरोंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ पासून दहा वर्षं येणाऱ्या पोस्टी चुंबकीय फितींवर उतरवून ठेवल्या होत्या. १४१ फिती, सुमारे वीस लाख पोस्टी. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणाची परवानगीही लागली नव्हती. पोस्टी त्यांच्या सर्व्हरवर येतच होत्या. १९९५ मध्ये डेजान्यूजनं शोधता येणारं संग्रहालय सुरू केलं. आपलं चार दिवसांत पुसलं जाईल असं समजून लिहिणाऱ्यांना तो धक्का होता, आणि 'साठवू नये' अशी ओळ पोस्टच्या माथ्यावर दिसू लागली. गूगलनं फेब्रुवारी २००१ मध्ये तो संग्रह विकत घेतला आणि डिसेंबरात स्पेन्सर यांच्या फितींसह सत्तर कोटींहून जास्त पोस्टी खुल्या केल्या. टॉरवाल्ड्स यांची ती पोस्ट आज वाचता येते ती अशी. लिहिणाऱ्याच्या गावीही नसताना कोणीतरी कुठेतरी प्रत ठेवू शकत होतं.

फोरमची प्रत मालकाकडे. चित्रपटांची माहिती देणाऱ्या आयएमडीबी या संकेतस्थळानं २० फेब्रुवारी २०१७ रोजी आपले चर्चाफलक बंद केले. याहू ग्रुप्सचा साठा २०१९ च्या डिसेंबरात पुसायला घेतला आणि वर्षभरानं सेवाच संपली. अशा प्रत्येक वेळी स्वयंसेवक शेवटच्या दिवसांत पानं उतरवून घ्यायला धावतात, जमेल तेवढी. हे बघताना मला दर वेळी त्या १४१ फिती आठवतात. वेळेचं बंधन नव्हतं, दहा वर्षं निवांत मिळाली होती.

पुढे युजनेटच्या संग्रहालाही मालकच लाभला. २२ फेब्रुवारी २०२४ पासून, तो संग्रह जिथे होता त्या गूगल ग्रुप्सनं युजनेटच्या नव्या पोस्टी घेणं आणि देणं थांबवलं. तिथला बराचसा मजकूर आता बायनरी फायली आणि स्पॅम आहे, असं कारण दिलं. जुना साठा वाचायला ठेवलाय. गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की मजकुराच्या गटांत उरलेली बरीच स्पॅम गूगलच्याच दारातून येत होती. ते दार लागल्यावर ती थांबली. 'कॉम्प' शाखेतले जे थोडे लोक अजून सी आणि फोर्ट्रान या प्रोग्रामिंग भाषांवर बोलतात, ते स्वयंसेवकांनी चालवलेल्या सर्व्हरांवरून बोलतात. त्यातल्या एकाचं नाव 'इटर्नल सप्टेंबर' आहे. नोंदणी करावी लागते, बायनरी चालत नाहीत, आणि गैरवापर केला तर खातं बंद होतं.